कॉलेज फुटबॉलची तुमची सर्वांत जुनी आठवण कोणती?

हिवाळी_पाहुणा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. सप्टेंबर लागला की अमेरिकन फुटबॉलच्या मोसमामुळे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांमध्ये शनिवारचा नूर पालटतो, आणि दर वर्षी त्याच सुमारास मला एक जुनी आठवण छळू लागते. माझे बालपण मिशिगनमधील ॲन आर्बर येथे गेले. बाबा तेथे पीएच.डी. करत होते आणि आम्ही विद्यापीठाच्या कुटुंबांसाठीच्या दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. दिवस होता २४ सप्टेंबर १९९४, मी तेव्हा साडेचार वर्षांचा होतो, आणि सामना कोलोरॅडोशी होता. मिशिगन २६–२१ असे पुढे होते, घड्याळात सहा सेकंद उरले होते आणि कोलोरॅडोचा संघ स्वतःच्याच अर्ध्यात अडकलेला होता. त्यांच्या कॉर्डेल स्ट्युअर्टने चेंडू जीव खाऊन भिरकावला, गोलरेषेजवळच्या घोळक्यात तो कोणाच्या तरी हाताला लागून उडाला आणि मायकेल वेस्टब्रुकच्या हातात पडला. ६४ यार्डांचा टचडाउन (म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणे), आणि आम्ही २७–२६ असे हरलो.

हे तपशील अर्थातच नंतर वाचलेले आहेत. मला स्वतःला आठवतो तो आवाज, किंवा खरे तर तो आवाज बंद पडणे. लाखभर माणसे ओरडत असताना कोणीतरी रेडिओचे बटण फिरवावे तसे सगळे एकाएकी थांबले. बाबांचा हात धरून पायऱ्या चढून वर गेल्याचे, नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासाचे आणि बाबा खाली मान घालून उभे असल्याचे मला स्वच्छ आठवते. त्या दिवसापासून मी मिशिगनचा झालो तो आजतागायत.

तुमची पहिली आठवण कोणती? केवळ ‘आमचा संघ भारी’ असे प्रतिसाद नकोत.

बकाय_बंडू

आमचा संघ भारी.

(क्षमस्व, मी ओहायोचा असल्यामुळे राहवले नाही. सविस्तर सवडीने लिहितो.)

सातारी_कंदी

भाबडा प्रश्न आहे, रागावू नका. कॉलेजच्या मुलांचा सामना पाहायला लाखभर माणसे येतात, हे अक्षरशः खरे आहे की लिहिण्याची पद्धत आहे? आमच्या महाविद्यालयाच्या सामन्यांना खेळाडूंची संख्या प्रेक्षकांहून अधिक असे.

हिवाळी_पाहुणा

अक्षरशः खरे आहे. मिशिगनच्या मैदानाची आजची क्षमता १,०७,६०१ आहे, आणि लाखाहून अधिक प्रेक्षक घेऊ शकणारी विद्यापीठांची मैदाने अमेरिकेत आणखीही आहेत. व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत असतात. लहान गावांच्या आणि शेतीप्रधान राज्यांच्या वाट्याला विद्यापीठाचा संघच येतो. त्यामुळे त्या विद्यापीठाची पायरीही न चढलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच संघाची असतात.

मक्याचे_कणीस

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य नेब्रास्काइतके कोठेही लागू पडत नसेल. त्या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही. लिंकनच्या मैदानाची सगळी तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली जात आली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी ते मैदान म्हणजे ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर असते, असे आम्ही शाळेत अभिमानाने सांगत असू.

माझे वडील अकोल्याहून ज्वारीच्या संशोधनासाठी तेथे गेले होते. माझी सर्वांत जुनी आठवण फुग्यांची आहे. नेब्रास्काचा पहिला टचडाउन झाला की प्रेक्षक हातातले लाल फुगे एकदम आकाशात सोडत असत. वडिलांच्या सहकाऱ्यांनी आम्हाला नेले होते आणि माझ्याही हातात एक फुगा दिला होता. टचडाउन झाला, सगळ्यांनी फुगे सोडले आणि मी सोडला नाही. मागच्या बाकावरच्या बाईंनी प्रेमाने माझी बोटे उलगडून तो सोडायला लावला, आणि मी उरलेला सामना रडून काढला. हजारो फुग्यांतला माझा कोणता, हे मी मान वर करून शोधत राहिले होते. हेलियमच्या टंचाईमुळे २०२२ मध्ये ही प्रथा बंद झाली, ही बातमी वाचली तेव्हा मला सूक्ष्म समाधान वाटले, हे येथे कबूल करते.

दुसरी आठवण २ जानेवारी १९८४ च्या रात्रीची. मियामीत, मियामी विद्यापीठाच्या संघाशी, ऑरेंज बोल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना होता. नेब्रास्का त्या वर्षी तोवर अपराजित होता, मात्र त्या रात्री बहुतेक वेळ मागे राहिला आणि अखेरीस ४८ सेकंद उरले असताना टचडाउन करून ३१–३० पर्यंत आला. (सातारी_कंदी यांच्यासाठी: टचडाउनचे सहा गुण मिळतात. त्यानंतर किक मारून एक गुण घेता येतो, किंवा चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन दोन.) किक मारली असती तर बरोबरी झाली असती, आणि तेव्हा जादा वेळ नसल्यामुळे सामना तेथेच संपून राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा पदरात पडले असते. प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तो फसला.

त्या हिवाळ्यात माझे आजोबा आमच्याकडे आलेले होते. अंगावर दोन शाली, डोक्याला मफलर. त्यांना खेळातले काही कळत नव्हते, तरी एवढे कळले, आणि त्यांनी विचारले, ‘‘बरोबरी घेतली असती तर काय बिघडलं असतं?’’ वडील म्हणाले, ‘‘बाबा, बरोबरी मागायला गेले नव्हते ते.’’ आमच्या घरात वडिलांनी आजोबांना उलट उत्तर दिलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. मी सहा वर्षांची होते. सामन्यापेक्षा मला तेच अधिक भीतिदायक वाटले.

कोल्हापुरी_रस्सा

कणीसताई, आजोबांचा प्रश्न वाचून हसू आले आणि पोटात कालवलेही.

धागा अमेरिकेचा आहे, तरी थोडी घुसखोरी करतो, कारण हे दुखणे आम्हाला ठाऊक आहे. कोल्हापुरात फुटबॉल कॉलेजांचा नसून पेठांचा आणि तालमींचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आहेत आणि हेच संघ. आपला संघ कोणता, हे माणूस ठरवत नाही. तो कोणत्या गल्लीत जन्मला यावर ते ठरते. माझी पहिली आठवण वडिलांच्या सायकलच्या नळीवर बसून शाहू स्टेडियमला गेल्याची आहे. नळीला टॉवेल गुंडाळलेला असे. सामना हरलो तर परतीच्या वाटेवर वडील घंटीसुद्धा वाजवत नसत. समोर म्हैस आली तरी नुसते थांबत.

सातारी_कंदी

आता मला सगळे समजले. हे आधीच सांगायचे होते.

बकाय_बंडू

आता सविस्तर. माझा जन्मच कोलंबसचा. ओहायो स्टेटचे बँडपथक मैदानावर एका रांगेत वळणे घेत चालते आणि आपल्या चालण्यातून ‘ओहायो’ ही इंग्रजी अक्षरे एकमेकांना जोडून लिहिते. १९३६ पासूनची ही प्रथा आहे. शेवटी ‘आय’ या अक्षरावरचा ठिपका द्यायचा उरतो. तो देण्यासाठी भले मोठे सूझाफोन वाद्य अंगावर घेतलेला एक वादक रांगेतून ऐटीत बाहेर येतो, जागेवर उभा राहतो आणि वाकून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना अभिवादन करतो. ते पाहिले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. रविवारी आई मला मराठी लिहायला शिकवत असे. दुसऱ्या दिवशी ‘आंबा’ लिहिताना मी अनुस्वार देण्यापूर्वी पेन्सिल खाली ठेवली, खोलीभर एक फेरी मारली, आईला वाकून नमस्कार केला आणि मगच तो ठिपका दिला. पुढे कित्येक महिने आमच्याकडे अनुस्वार असाच दिला जाई. शुद्धलेखनाला एक तास लागू लागला, तेव्हा आईने ‘आंबा’ बंद करून ‘बदक’ सुरू केले.

मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारतात. मी हे घरी येऊन अमलात आणले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘मंगळवार’, डब्यावर ‘मसाला’, ‘मेथी’, ‘मोहरी’, सगळीकडे लाल खडूची फुली. आईने मारले नाही. तिने फक्त विचारले, ‘‘आता ‘मम्मी’चं काय करणार?’’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अद्याप नाही.

आणखी एक. तिकडे बकाय नावाच्या झाडाच्या बियांसारखी दिसणारी मिठाई करतात: शेंगदाण्याच्या लोण्याचा लाडू चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वरचा गोल तेवढा उघडा ठेवायचा. आमच्याकडे ते लाडू दाण्याचे कूट आणि गूळ घालून होत असत. चॉकलेट त्यांना नीट धरत नसे, वरून पापुद्रे सुटत. तरीही माझ्या मते तेच अस्सल होत.

ऑस्टिनचा_आंबा

बंडू, अनुस्वाराचा किस्सा वाचून कार्यालयात हसलो आणि आता सगळे माझ्याकडे पाहत आहेत.

आमचे टेक्सस. ४ जानेवारी २००६, रोझ बोल, समोर सलग ३४ सामने जिंकलेला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ. मी पाच वर्षांचा. चौथा आणि अखेरचा प्रयत्न, पाच यार्ड हवे होते, आणि व्हिन्स यंग चेंडू घेऊन उजव्या कोपऱ्याकडे पळत गेला. १९ सेकंद उरले होते. ४१–३८. दिवाणखान्यात सगळ्यांनी तर्जनी आणि करंगळी वर करून, मधली दोन बोटे अंगठ्याखाली दाबून हात उंचावले. लाँगहॉर्न बैलाच्या शिंगांची ही आमची खूण. पाहुण्या आलेल्या मावशीने भरतनाट्यम केलेले होते. ती म्हणाली, ‘‘अरे, हे तर सिंहमुख!’’ मी ठासून सांगितले की हा बैल आहे. तिने ठासून सांगितले की हा सिंह आहे. व्हिन्स यंगची ती धाव मी नंतर शेकडो वेळा पाहिली आहे. मात्र त्या रात्रीचे मला आठवते ते एवढेच, की मावशीने माझी बोटे हातात घेऊन मुद्रा ‘सुधारून’ दिली होती आणि मी ती पुन्हा बिघडवली होती.

तर्ककर्कश

सर्वांचे लेखन रंजक आहे, परंतु दोन शंका उपस्थित करतो.

पहिली धागाकर्त्यांच्या आठवणीविषयी. मी स्वतः ॲन आर्बरला दोन वर्षे शिकलो आहे. मिशिगनचे ते मैदान जमिनीत खड्डा खणून बांधलेले आहे. दाराशी येणारा प्रेक्षक वाडग्याच्या काठावर पोचतो, आणि बहुतेक जागांकडे जाण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. तुम्ही पायऱ्या चढून वर गेलात, असे लिहिले आहे. शिवाय त्या वर्षी मैदानावर नैसर्गिक गवत होते हे खरे असले, तरी वर बसलेल्या मुलाला लाखभर माणसांच्या गर्दीत त्याचा वास कसा येईल? आणि तिसरे, कोलोरॅडोचे काही हजार समर्थक तरी आत असणारच. ते त्या क्षणी आनंदाने किंचाळले असतील. आत बसलेल्या माणसाला संपूर्ण शांतता ऐकू येणार नाही. माझ्या मते तुम्ही आत नव्हता.

दुसरी शंका या साऱ्या भावुकतेविषयी. ज्या मुलांच्या जिवावर हा खेळ चालतो, त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा त्यांना २०२१ मध्ये मिळाली. २०२४ पासून तर कॅलिफोर्नियातले संघ न्यू जर्सीतल्या संघांशी एकाच गटात खेळतात, केवळ दूरचित्रवाणीच्या पैशासाठी. आपण ज्याला बालपण म्हणतो, तो कोणाचा तरी धंदा होता.

मक्याचे_कणीस

दुसऱ्या शंकेशी मी बरीचशी सहमत आहे, विशेषतः पैशाच्या बाबतीत. ओक्लाहोमाशी दर वर्षी होणारा आमचा सामना गटांच्या फेररचनेतच गेला. त्या सामन्याशिवाय वाढलेल्या मुलांना ‘जुने वैर’ म्हणून काय दाखवायचे, हा प्रश्न माझ्या भावासमोर खरोखर आहे. मात्र फुगा माझा होता, आणि त्यात कोणाचा धंदा नव्हता.

बकाय_बंडू

तर्ककर्कश यांची पहिली शंका मला अतिशय आवडली. मिशिगनच्या चाहत्याची पहिलीच आठवण खोटी निघावी, यासारखे सुख नाही.

एडिसनकर_मावशी

मी येथे सहसा वाचनमात्र असते. माझी स्वतःची आठवण नाही, मुलाची आहे; तो मराठी वाचतो पण लिहीत नाही, म्हणून त्याच्या संमतीने लिहिते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमध्ये ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला कॉलेज फुटबॉल सामना झाला आणि रटगर्सने तो ६–४ असा जिंकला. त्यानंतर अभिमानाने सांगावे असे काही व्हायला फार वेळ लागला, हे रटगर्सचे लोक स्वतःच सांगतात. तो दिवस ९ नोव्हेंबर २००६ रोजी उजाडला. लुइव्हिलचा संघ देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवशी शाळा, तरी मुलगा झोपायला तयार नव्हता. २५–७ असे मागे पडलेले रटगर्स हळूहळू २५–२५ वर आले आणि अगदी अखेरीस जेरेमी इटो तीन गुणांची किक मारायला उभा राहिला. ती किक हुकली. तशी बरोबरी कायम होती आणि जादा वेळ मिळाला असता, पण सात वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार? तो ताडकन उठून जिन्यावर जाऊन बसला आणि कठड्याच्या गजांत तोंड खुपसून रडू लागला.

इकडे पंचांनी सांगितले की लुइव्हिलचा एक खेळाडू आधीच रेषेपलीकडे गेला होता, त्यामुळे किक पुन्हा घेतली जाईल. दुसरी किक बरोबर गेली आणि २८–२५. आम्ही ओरडलो ते त्याने जिन्यावरून ऐकले, आणि त्याला वाटले की आई-बाबा आपल्यावरच ओरडत आहेत. त्याची पहिली आठवण म्हणजे त्या कठड्याच्या लाकडाला येणारा पॉलिशचा वास, असे तो म्हणतो. रटगर्सच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण माझ्या मुलाने पाहिलेला नाही, आणि तो आजही ‘मी पाहिला’ असेच सर्वांना सांगतो.

कोल्हापुरी_रस्सा

मावशी, त्या १८६९ च्या सामन्यात चेंडू हातात घेऊन पळता येत नसे, असे मी वाचले आहे. म्हणजे तो मुळात आमचाच फुटबॉल होता. पुढे तुमच्याकडच्या लोकांनी त्याला हात लावून बिघडवला.

ऑस्टिनचा_आंबा

मावशी, ‘मी पाहिला’ असे म्हणू द्या त्याला. टेक्ससमध्ये व्हिन्स यंगची धाव प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणाऱ्या सगळ्यांना बसवायचे म्हटले, तर रोझ बोलसारखी तीन मैदाने लागतील.

शांत_कोपरा

विरोधी मत नोंदवते. मला लहानपणी दर शनिवारी वडिलांबरोबर जावे लागे आणि मला तो खेळ मुळीच आवडत नसे. चार सेकंद धावपळ आणि मग चाळीस सेकंद उभे राहणे. माझी सर्वांत जुनी आठवण बाकांखालच्या जागेतली आहे: खाली वाकले की फळ्यांच्या फटींतून पडलेले शेंगांचे टरफल, कागदी पेले आणि शेकडो बूट दिसत. मी बूट मोजत असे. एकदा सगळे बूट एकाच वेळी टाचांवर उचलले गेले आणि मला कळले की वर काहीतरी घडले आहे. मी पाहिले नाही. वडिलांनी घरी जाताना विचारले, ‘‘मजा आली ना?’’ मी ‘हो’ म्हटले. हे खोटे मी पुढे नऊ वर्षे दर शनिवारी बोलत राहिले, आणि आज ते नाहीत तर त्यांच्या संघाचा निकाल रविवारी सकाळी चहापूर्वी पाहते. आवड नाहीच, निकाल तेवढा पाहते.

हिवाळी_पाहुणा

चार दिवस उत्तर दिले नाही, कारण मधल्या काळात घरी फोन झाला.

तर्ककर्कश, तुमचे म्हणणे बरोबर निघाले. मी आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती आधी बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, ‘‘अरे, आत कुठले आपण? तिकिटाला पैसे होते का?’’ झाले होते ते असे. ॲन आर्बरमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानाजवळच्या घरांचे मालक आपल्या हिरवळीवर पैसे घेऊन लोकांच्या गाड्या लावून घेतात. बाबांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ मैदानापासून जवळच राहत असत. गाड्या दाटीने लावून घेण्याचे काम ते बाबांना देत, सकाळी हिरवळ कापून घेत आणि मिळकतीतला वाटा देत. मी पुठ्ठ्याची पाटी धरून रस्त्याच्या कडेला उभा असे, कारण लहान मूल पाहून गाड्या थांबतात, हा त्या गृहस्थांचा सिद्धांत होता. पायऱ्या त्यांच्या ओसरीच्या, गवत त्यांच्या अंगणातले. आवाज आकाशातून आमच्यापर्यंत येई आणि शेवटच्या क्षणी तो थांबला, तो बाहेरून थांबला. कोलोरॅडोच्या लोकांची आरोळी आमच्यापर्यंत पोचली नसावी.

बाबा खाली मान घालून उभे होते, तेही खरे आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते गाडीची कोणाची तरी किल्ली गवतात शोधत होते. त्यांना तोपर्यंत फुटबॉलचे नियमही माहीत नव्हते.

तर्ककर्कश

मनःपूर्वक आभार. माझ्या शंकेने तुमचे काही हिरावले असल्यास क्षमा असावी. किल्ली सापडली का?

हिवाळी_पाहुणा

सापडली. ती एका कोलोरॅडोच्या जोडप्याची होती, आणि ते इतके आनंदात होते की उशिराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्या बाईंनी आपल्या हातातला काळ्या-सोनेरी झिरमिळ्यांचा गोंडा मला देऊन टाकला. माझ्या खोलीतल्या मिशिगनच्या सगळ्या वस्तूंत तो गोंडा सर्वांत जुना आहे. तो कुठून आला, हे मी आजवर कोणाला विचारलेच नव्हते.

बकाय_बंडू

थांबा. म्हणजे मिशिगनच्या निष्ठावंताकडची सर्वांत जुनी वस्तू ही त्याच दिवशी मिशिगनला हरवणाऱ्या संघाची आहे?

मी हा धागा छापून भिंतीला लावत आहे. ‘मिशिगन’मधल्या ‘म’वर फुली मारून.